शेठच्या फॅक्टरीची पोकळ भिंत

जे लिहिते आहे ते घडलेलं आहे. माझ्याच घरात घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं सोनगीरला यावं, मी ती इमारत दाखवीन.

लांबूनच दाखवीन. आत पाय ठेवणार नाही.

माझ्या नातवाचं, नवीनचं, लग्न २०२४ च्या वैशाखात झालं. त्याच्या बायकोचं नाव भूमिका. ही घटना त्याच्या पुढच्या वर्षीची. दिवाळी नुकतीच उरकली होती. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. लख्ख दुपार होती.

आधी इमारतीचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

धुळ्याहून सोनगीरकडे येताना महामार्ग सोडून आत गेलं की मुरमाड माळ लागतो. तिथे एक लांब पांढरी इमारत आहे. माझ्या मुलाला, पंडितला, शाळेत घातलं त्या वर्षी तिचा पाया खोदला. बांधणारे झुंबरलाल शेठ. धुळ्यात त्यांचा सरकीचा आणि तेलाचा व्यापार. त्यांना कुणीतरी सांगितलं की आता रेडिओ-टीव्हीच्या आत बसणारे डायोड करण्यात भविष्य आहे. शेठनं माळ घेतला. बाहेरून इंजिनिअर आणले.

मी त्या बांधकामावर डोक्यावर पाट्या वाहिल्या.

त्या इमारतीला खिडकी नव्हती. एकही नाही. गावातली माणसं बघायला यायची आणि हसायची.

"शेठ खिडक्या इसरी गया वाटस!"

शेठच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "खिडकीतून धूळ येते. मला धूळ नको."

मधली खोली सगळ्यात मोठी. तिच्यासाठी काळ्या खडकापर्यंत खोदलं आणि थेट खडकावर मजला ओतला. तो मजला भिंतींना टेकलेला नाही. चारही बाजूंनी बोटभर फट ठेवली आहे. महामार्गावरून ट्रक गेला की जमीन थरथरते, आणि आत बायांना केसाहून बारीक तार जोडायची असते. म्हणून बाकीची इमारत हलली तरी तो मजला हलू द्यायचा नाही.

त्या मजल्यावर लोखंडी चाळणीसारखा दुसरा मजला. छतातून वारा खाली सुटतो, चाळणीतून जातो आणि बाजूच्या पोकळ भिंतीतून पुन्हा वर चढतो. वर गाळून घेतात आणि पुन्हा खाली सोडतात.

बाहेरची हवा नावाला येते. बाकी तीच हवा. फिरून फिरून तीच.

ती भिंत एक नाही, दोन आहेत. मधल्या पोकळीत माणूस अंग तिरपं करून चालू शकतो. नळ सगळे तिथूनच गेलेत. आत जायला मधल्या खोलीतून एक बुटकं लोखंडी दार आहे.

हे सगळं मी ध्यानात ठेवलंय, कारण माझी जाऊ त्या पोकळीत मेली.

जावेचं नाव कमल. माझ्या धाकट्या दिराची, उखर्डूची बायको. फॅक्टरी सुरू झाली तेव्हा ती आत कामाला लागली आणि मी धुलाईला. बायका अंगभर पांढरा डगला घालायच्या, डोकं झाकायच्या, तोंडाला फडकं. नुसते डोळे उघडे. ते डगले मी धुवायचे.

आत जायच्या आधी एक नियम होता. पावडर नको, काजळ नको, बांगडी नको, कुंकू नको. त्याची धूळ होते. दाराशी आरसा होता. त्यात बघून प्रत्येकीनं आपलं कुंकू आपल्या हातानं पुसायचं.

बाकीच्या बाया रडल्या. कमल हसली.

"वयनी, मी रोज सकाय रांडाव व्हस आनि संध्याकाय सवाशीन."

"बोलू नको तसं," मी म्हटलं.

"कसाले? तुना दीर काही मरत नही. दोन भाकरी जास्तीच्या खास तो!"

आमच्या सासूला मात्र ते सहन होत नव्हतं. कमल मोकळ्या कपाळानं घरी आली की ती दारात आडवी व्हायची. "मना पोऱ्या जित्ता शे आनि तू कुकू पुसस?" रोजचं भांडण.

१९८८ चा एप्रिल. पोकळीतल्या नळाखाली पाणी साठलं होतं. ते पुसायला कमलला आत पाठवलं. त्याच पोकळीतून नायट्रोजनचाही नळ जातो. तो गळत होता. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळतच नाही की आपण श्वास घेतोय पण हवा नाही.

बुटकं दार बाहेरून लावलेलं होतं. खोलीत माल चालू होता. हवा बिघडू नये म्हणून माल संपेपर्यंत दार उघडलं नाही.

तिला घरी आणलं ते डगल्यातच. कपाळ मोकळं. हात मोकळे.

नवरा जिवंत असलेली बाई. तिला हिरवं नेसवायचं, बांगड्या भरायच्या, कपाळभर कुंकू लावायचं. आम्ही सगळी तयारी केली. उखर्डू अंगठ्यावर कुंकू घेऊन पुढे झाला...

आणि सासूनं त्याच्या हातावर चापट मारली. कुंकू मातीत पडलं.

"तिनी सोताना हातनं पुसं. आते कोनी लावू नका."

कमलला तशीच नेली. पांढऱ्या डगल्यात. तशीच जाळली.

पुढे स्वस्त माल बाहेरून यायला लागला आणि फॅक्टरी बंद पडली. शेठ गेले. इमारतीला कुलूप लागलं ते तीसेक वर्षं.

शेठचा नातू जिनेश. बाहेर शिकून आला. आता सगळीकडे चिपचं बोलणं चालू आहे, तर त्यानं ती इमारत पुन्हा उघडायचं ठरवलं. तयार चिप बाहेरून आणायची, तिला तारा जोडायच्या, डबीत बंद करून पाठवायची. कुलूप तोडलं तेव्हा गावातली माणसं बघायला गेली होती. उखर्डूही गेला होता. परत आला आणि ओट्यावर बसला.

"काय शे तठे?" मी विचारलं.

"काहीच नही."

"म्हंजे?"

"जाळं नही. धूळ नही. मधली खोली आत्ते पुसेल सारखी शे, वयनी."

तीस वर्षं बंद असलेली खोली. धुळीचा कण नाही.

जिनेशला आनंद झाला. पंखे नवे आणले, दिवे नवे आणले. पण मधला मजला आणि पोकळ भिंत तशीच ठेवली. असा न हलणारा मजला आज बांधायला परवडत नाही, म्हणाला.

भूमिकानं धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. तिला तिथे नोकरी लागली. पेढे घेऊन घरी आली. मी पेढा हातात घेतला नाही.

"पोरी, तिथे नको."

"आजी, मी डिप्लोमा काय भाकरी थापायला केला?"

"दुसरीकडे कर."

"दुसरीकडे म्हणजे पुण्याला. चालेल? जाऊ आम्ही दोघं?"

नवीन हसत होता. मी तिला कमलचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "आता गॅस मोजायची यंत्रं असतात, आजी. मी नीट राहीन."

मला एकच पाहिजे होतं. ती पोर संध्याकाळी घरी परत यावी. रोज. एवढंच.

सुरुवातीला सगळं ठीक होतं.

मग श्रावणात, घरात कानबाई देवी बसवली त्या आठवड्यात, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आजी, डगल्याची नाडी मागून कुणी बांधायचं का हो तुमच्या वेळी?"

"हो. एक दुसरीची बांधायची. का?"

"आमच्या सुटाला चेन आहे. नाडी नाहीच. पण मी सूट चढवते तेव्हा मागून कुणीतरी... नाडी ओढल्यासारखं करतं. गाठ मारल्यासारखं."

"मागे कोण असतं?"

"कोणी नसतं."

मी भाजी खाली ठेवली.

नंतर एकदा सांगितलं, की आत जायच्या आधी वाऱ्याच्या खोलीत उभं राहावं लागतं. सगळीकडून वारा अंगावर येतो. डोळे मिटावे लागतात. डोळे मिटले की कपाळावर अंगठा फिरतो.

हळूच. मधोमध.

काही आहे का, चाचपल्यासारखा.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"आधी वाटायची. आता... ती बिचारी काही करत नाही ना."

ती असं 'ती' म्हणाली तेव्हा मी उठून देवापुढे दिवा लावला.

दिवाळीच्या आधी ती एकदा घरी आली आणि न जेवता झोपली. मी जवळ जाऊन बसले. मग म्हणाली, "सगळ्यांचे नुसते डोळे दिसतात, आजी. कोण कुठली ते चालण्यावरून ओळखायचं. आज माझ्या समोरच्या बाकावर एक जण बसली होती. मला वाटलं नवीन आली असेल. मी मान हलवली. तिनंही हलवली. मग मी बघत राहिले..."

"काय बघत राहिलीस?"

"श्वास घेतला की मास्क आत जातो, सोडला की फुगतो. सगळ्यांचा."

तिनं माझा हात धरला.

"तिचा हलत नव्हता."

त्या दिवशी मी नवीनला सांगितलं, हिची नोकरी सोडव. भूमिका ऐकेना. सोडायला लावली असती तर घरातून निघून गेली असती, अशी तिची जिद्द. मग दिवाळी झाल्यावर मी उखर्डूला बोलावून घेतलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नव्हतं. म्हातारा झाला होता, कानानं कमी ऐकायचा. सगळं ऐकून त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिले कुकू पाहिजे," तो म्हणाला. "मना हातनं. मी जित्ता शे. तिना हक शे तो."

"मग तुम्ही चला ना, आबा," नवीन म्हणाला.

"माले कोन आत जाऊ दीन रे?"

खरंच होतं. गेटवरच अडवलं असतं.

भूमिका उठली. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणून त्याच्यासमोर धरला. "द्या, आबा. मी ठेवून येते तिच्या जागेवर. मग तरी सगळे शांत बसाल?"

उखर्डूनं चिमूट घेतली. कपाळाला लावली, कागदात ठेवली, पुडी बांधली.

"तिले सांग," तो म्हणाला, "मायनी चापट मारी मना हातवर. मी लावत व्हतो."

मी अडवलं नाही. मला वाटलं, यानं सुटेल. कमल सुटेल आणि पोरही सुटेल. आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की ज्या खोलीत पावडरीचा कण चालत नाही तिथे आपण कुंकवाची पुडी पाठवतोय.

मंगळवारी सकाळी भूमिका कामावर गेली. पुडी हातमोज्यात होती.

आतलं जे पुढे लिहिते ते हिनाकडून कळलेलं आहे. हिना त्या खोलीची सुपरवायझर. तिच्याही डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीआधी हवेतली धूळ मोजणारं यंत्र ओरडायला लागलं. असं ते कधी ओरडत नाही. नियम असा की सगळ्यांनी लगेच बाहेर यायचं, दारं बंद करायची, पंखे जोरात चालवायचे आणि हवा स्वच्छ होईपर्यंत कोणी आत जायचं नाही.

बाया बाहेर आल्या. सूट काढले. प्रत्येकीची खुंटी ठरलेली, वर नाव. सूट खुंटीवर आला म्हणजे बाई बाहेर आली. हिनानं खुंट्यांवरून नजर फिरवली.

सगळ्या भरलेल्या होत्या. भूमिकाचीही.

हिनानं कुलूप लावलं.

शिफ्टची संध्याकाळची गाडी फाट्यावर आली. पोरी उतरल्या. भूमिका उतरली नाही. फोन बंद. मी नवीनच्या गाडीवर मागे बसले आणि आम्ही फॅक्टरीत गेलो.

जिनेशनं आम्हाला केबिनमध्ये बसवलं. गोड बोलणं, चांगली वागणूक. मी त्याच्या आजोबांकडे कामाला होते हे त्याला ठाऊक होतं.

"आजी, सगळे दुपारीच बाहेर आलेत. मी स्वतः खात्री केली."

"दार उघडा," नवीन म्हणाला.

"नवीनभाऊ, आता हवा स्वच्छ होत आली आहे. दार उघडलं तर आतला सगळा माल जातो. पार्टीचा माल आहे, माझा नाही. मैत्रिणीकडे गेली असेल. घरी काही भांडण झालं का?"

"भांडण नाही झालं. दार उघडा."

"जरा बसा. हवा स्वच्छ झाली की उघडतो. चहा घ्या."

चहा आला. आलं घातलेला. मी कप हातात धरला.

माझी खुर्ची भिंतीला लागून होती.

टक...

मी मान वळवली.

टक... टक...

तळहातानं थापटल्यासारखा आवाज. भिंतीच्या आतून. खालच्या बाजूला.

"हे काय वाजतंय?"

"पाइपात हवा असते, आजी."

मी पांढरी भिंत बघत होते. मी तिच्यासाठी रेती वाहिली होती. मला माहीत होतं ती भिंत पोकळ आहे.

मी कप टाकला आणि भिंतीला कान लावला.

एक थाप खालून आली. मग, थोडी पुढे सरकून, दुसरी वरून. एक वाजवत होती. दुसरी तिला उत्तर देत होती.

मी ओरडले. नवीननं खुर्ची उचलून केबिनची काच फोडली. मग कुठे जिनेशनं किल्ली मागवली. तरी आत जाताना नवीनला तो म्हणाला, "बूट काढा."

थापा थांबल्या होत्या.

बुटकं दार आतून उघडत नव्हतं. आतून उघडायची कडी तिथे कधी बसवलीच नव्हती, जुन्या काळापासून. ते बाहेरून उघडलं. भूमिका दाराशीच बसलेली होती. गुडघे पोटाशी. मान भिंतीला टेकलेली. कागद पायाशी उघडा पडला होता. त्यात कण नव्हता. भिंतीवर, जमिनीवर, हातमोज्यावर, कुठेच लाल नव्हतं.

नायट्रोजनचा जोड सैल झाला होता. मोजायचं यंत्र खोलीत होतं. पोकळीत बसवलंच नव्हतं.

सरकारी डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, ती दुपारीच गेली होती. जेवणाच्या वेळेच्या आसपास.

मी दोनदा विचारलं. दुपारीच, ते म्हणाले.

मग आम्ही चहा घेत होतो तेव्हा भिंतीत कोण होतं? आणि कोण कोणाला उत्तर देत होतं?

पोलिसांनी हिनाला धरलं. ती एकच सांगत होती, खुंटी भरलेली होती. "भूमिकानं बाहेर येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तिला बघितलं." पोलीस मला खुंटीवरचा सूट ओळखायला घेऊन गेले. भूमिकाच्या नावाखाली एक पांढरा डगला लटकत होता. जाड कापडाचा. मागे नाड्या.

मी तो उलटा करून बघितला. एक नाडी हिरव्या दोऱ्यानं शिवलेली होती.

ती मीच शिवलेली. पांढरा दोरा संपला होता, म्हणून हिरव्यानं शिवली आणि शेठच्या मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. तो डगला कमलचा होता.

तो मी माझ्या डोळ्यांनी जळताना बघितला होता.

पोलिसांना मी म्हटलं, "नाही ओळखत."

भूमिकाला घरी आणली. या वेळी अडवायला कोणी नव्हतं. मी तिला हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या. नवीननं अंगठ्यावर कुंकू घेतलं, तिच्या कपाळावर टेकवलं. अंगठा उचलला.

कपाळ कोरडं होतं. कुंकू त्याच्या अंगठ्यावर तसंच.

त्यानं पुन्हा लावलं. मी तेल लावून दिलं, त्यावर लावलं. सगळ्या बायकांच्या देखत. एक कण त्या कपाळावर थांबेना. शेवटी नवीन मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बाहेर माणसं घाई करत होती. आम्ही तिला तशीच नेली.

फॅक्टरी महिनाभर बंद होती. आता चालू आहे. भूमिकाच्या खुंटीवर दुसऱ्या मुलीचं नाव लावलंय. ती पलीकडच्या वाडीची, यंदाच लग्न झालेली. मी तिच्या घरी जाऊन आले. तिच्या सासूनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, नोकरी चांगली आहे, अक्का, तुमचं दुःख आम्हाला कळतं. मी उठून आले.

उखर्डूला मी कुंकवाचं सांगितलं नव्हतं. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन खात बसला होता, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "वयनी, ती काल घर उनी व्हती. कपायभर कुकू व्हतं." आणि हसला. मी भाकरी आणायला आत गेले. परत आले तर मान कलंडलेली.

नवीन कामावर जातो, येतो, जेवतो. बोलत नाही. दुपारी झोपला की मी त्याच्या उशाशी बसते. तोंडावर पांघरूण घेऊन झोपायची त्याला लहानपणापासून सवय आहे. ते पांघरूण वर-खाली होताना दिसत नाही तोवर मला उठवत नाही.

माझी नातसून भूमिका मंगळवारी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी वारली. वय तेवीस. माझा दीर उखर्डू शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला सकाळी वारला.